सांगाव्याचं काम

वेल्ह्याच्या पंचक्रोशीत हैबती भुरूकांना नावानं हाक मारणारं माणूस फारसं उरलं नव्हतं. सगळे 'सुभेदार' म्हणायचे. खरं तर ते लष्कराच्या सिग्नल खात्यात सुभेदार-मेजर होऊन, वर मानाची लेफ्टनंटकी घेऊन पेन्शनीत निघाले होते. पण एवढी लांबलचक पदवी तोंडात घोळवायला त्या खोऱ्यात कुणाला सवड नव्हती. गोष्ट सांगायची ती मात्र त्या सुभेदाराच्या आतल्या माणसाची, तेव्हा आपण त्याला हैबतीच म्हणू.

सत्तेचाळीस सालच्या ज्येष्ठात तो कायमचा घरी आला. डावा कान इटलीत गेला होता, म्हणून पडवीत बसताना तो भिंत डावीकडे ठेवून बसायचा. येणाराजाणारा लढाईचं विचारायचा. रणगाडे कसे असतात, गोरे लोक काय खातात, असलं काहीबाही. हैबती दोन शब्दांत सांगून मोकळा व्हायचा. पाऊस धरून आला की त्याला स्वतःशी आठवायचं ते निराळंच. पलटणीतले पहिले दिवस, सरहद्दीवरच्या चौकीतली कोरडी थंडी, आणि समोर ढगात डोकं घालून बसलेल्या तोरण्यावर एका हिवाळ्यात काढलेले चार दिवस. त्या चार दिवसांवर त्याचा विशेष जीव होता.

भुरूकांचं घर तोरण्याच्या पायथ्याला, गावापासून जरा सुटं. खाली भाताची खाचरं, वर उतारावर नाचणी आणि वरई. बाप सोनबा आणि चुलता चिमाजी अशी दोघा भावांची जोडी. चिमाजी पहिल्या मोठ्या लढाईत पलटणीबरोबर बसऱ्याला गेला. पुढं त्याचं काहीच कळेना. सोनबानं त्याच्या वाटणीचं भात कणगीत वेगळं ठेवलं, दिवाळीला त्याच्या नावाची पणती लावली, शिमग्याला त्याच्या वाटणीची पुरणपोळी काढून ठेवली. मग एके दिवशी कचेरीचा शिपाई कागद घेऊन आला. चिमाजी आदल्या वर्षीच्या पावसाळ्यातच मेला होता. ताप आला आणि त्यात गेला, एवढंच कागदात होतं.

भाऊ गेल्याचं दुःख सोनबानं गिळलं असतं. पण मेलेल्या माणसासाठी आपण वर्षभर पोळी काढून ठेवत होतो, ही गोष्ट त्याच्या काळजात रुतली ती रुतलीच. ह्या घरातला पुरुष पुन्हा पलटणीत जाणार नाही, असं त्यानं त्या दिवशी सांगून टाकलं. तेव्हा हैबती लहान होता. त्यानं ते ऐकलं, आणि मोठा झाल्यावर विसरला.

तेवीस साली सोनबानं त्याला भाताची गाडी देऊन नसरापूरच्या बाजाराला धाडलं. चावडीपाशी भरतीचा हवालदार पोरांच्या छात्या मोजत उभा होता. हैबतीनं भात विकलं, गाडी आणि पैसे शेजारच्या रखमाजीच्या हवाली केले, आणि त्या हवालदाराच्या मागून चालू लागला. रखमाजीनं संध्याकाळी गाडी दारात आणून उभी केली तेव्हा सोनबानं काही विचारलं नाही. बैल सोडले, पाणी दाखवलं, वैरण टाकली. तो जो गप्प झाला, तो ह्या पोराच्या बाबतीत एक तपभर गप्पच राहिला.

बेळगावला गेल्यावर पहिल्याच महिन्यात उस्तादानं नव्या पोरांना माळावर उभं करून लांबच्या टेकाडावर काय दिसतं ते विचारलं. कुणी झाडं म्हणालं, कुणी दगड. हैबतीनं सांगितलं, गुरं आहेत, त्यात दोन म्हशी आहेत आणि एक गाय पुढच्या पायानं लंगडते. उस्तादानं दुर्बीण लावून पाहिलं आणि त्याचं नाव सिग्नलच्या पोरांत घातलं. डोंगरात गुरं राखलेल्या पोराला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

त्याला धड बाळबोध लिहिता येत नव्हतं, तोवर इंग्रजी मुळाक्षरं टिंबरेघांत शिकायची वेळ आली. दिवसा झेंडी, रात्री दिवा, आणि ऊन असलं की आरसा. तिपाईवर बसवलेल्या आरशावर ऊन घ्यायचं, त्याचा कवडसा दहा-पंधरा कोस लांबच्या डोंगरावर नेमका पाडायचा, आणि कळ दाबून तो लहानमोठा चमकवायचा. पलीकडच्या माणसानं ती चमक वाचायची. हे काम त्याला असं काही आवडलं की जेवताना त्याची बोटं ताटाच्या कडेवर वाजत राहायची. मग जबलपूरची सिग्नलची शाळा झाली, वझिरिस्तानातल्या चौक्या झाल्या. तो नाईक झाला, हवालदार झाला, वायरलेसचे खोके आले तेव्हा तेही शिकला. साहेबलोक त्याच्याबद्दल एवढंच म्हणायचे, की भुरूकनं घेतलेला संदेश पुन्हा विचारावा लागत नाही.

सुट्टीवर मात्र त्याला घरी उपरं वाटे. सोनबा त्याच्याशी बोलत नसे. बोलायचं झालं तर बायकोकडे, म्हणजे हैबतीच्या आईकडे, सारजाबाईकडे बघून बोलायचा. "त्याला म्हणावं, खालचा बांध फुटलाय." बांध फुटलाय हे तीन हातांवर बसलेल्या हैबतीला ऐकू आलेलं असे, तरी सारजाबाई ते पुन्हा सांगे. सोनबानं पोराचं लग्नसुद्धा असंच जमवलं. गुंजवण्याची सोजरा बघितली, बोलणी केली, साखरपुडा केला, आणि नवऱ्या मुलाला कळलं ते आईच्या तोंडून. लग्नात सोनबानं सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं. हैबतीच्या पानावर वाढताना तेवढा तो खाली बघत होता.

सोजराला वाटायचं, आपण आल्यावर तरी बापलेकांचं मिटेल. ते मिटलं नाही, पण सासऱ्याचं आणि तिचं छान जमलं. हैबती परत गेला की भातलावणीपासून झोडणीपर्यंत दोघं बरोबरीनं राबायची.

छत्तीस सालचा हिवाळा. हैबती नुकताच हवालदाराचा जमादार झाला होता, खांद्यावरचा तारा अजून कोरा चमकत होता. त्याच्या तुकडीच्या कवायतीसाठी पुरंदर ते तोरणा अशी आरशाची लाइन टाकायचं ठरलं. भोर संस्थानाची परवानगी आली. कॅप्टनसाहेबानं नकाशावर बोट ठेवून तोरण्याच्या वाटेची चौकशी केली, तेव्हा हैबती म्हणाला, वाट मला ठाऊक आहे. ते माझंच गाव आहे, हे त्यानं विचारल्यावर सांगितलं. साहेबानं ऐकून घेतलं आणि एक गोष्ट बजावली. ठाणं एकदा मांडलं की कवायत संपेपर्यंत ते सोडून कुणी खाली उतरायचं नाही.

खेचरांवर सामान लादून तुकडी वेल्ह्यातून गेली, तेव्हा गाव रस्त्याला लोटलं होतं. सारजाबाई आणि सोजरा कडेला उभ्या होत्या. हैबती पुढं चालत होता. त्यानं मान वळवून बघितलं, थांबला नाही. सोनबा त्या गर्दीत नव्हता.

वर मेंगाईच्या देवळाजवळ त्यांनी तळ दिला आणि पूर्वेच्या कड्यावर तिपाई रोवली. हवा स्वच्छ होती. राजगड उजवीकडे, आणि समोर सरळ रेषेत लांबवर पुरंदर. तिथं हवालदार अरोक्यम होता, मद्रासेकडचा, हैबतीचा सरहद्दीवरचा सोबती. दोघांना एकमेकांचा हात ठाऊक होता. अरोक्यम शेवटची रेघ जरा लांबवायचा, जशी काही माणसं बोलताना शेवटचा शब्द ओढतात.

खाली आपल्या घराचं गवती छप्पर दिसत होतं. अंगणात कुणी चाललं तर कोण ते हैबतीला चालीवरून कळे. सोजरा पाणी घेऊन यायची, सारजाबाई गोठ्यात जायची. सोनबा खळ्यावर पेंढा रचत होता आणि मधूनच थांबून कमरेवर हात ठेवून वर बघत होता. दुर्बीण हातात असून हैबतीनं ती खाली वळवली नाही. सरकारी दुर्बिणीतून बापाचं तोंड बघावं असं त्याला वाटेना.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमाराला सोनबा गडावर आला. खांद्यावर घोंगडी, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. तो आधी मेंगाईच्या पाया पडला. मग तिपाईपासून दहा-पंधरा हात लांब एका दगडावर बसला, आणि जवळच्या शिपायाला म्हणाला, की देवीला आलो होतो, घटकाभर बसतो. फडकं त्यानं त्याच शिपायाच्या हातात दिलं. त्यात नाचणीच्या भाकरी आणि लसणाची चटणी होती, सगळ्या तुकडीला पुरतील इतकी.

हैबती आरशापाशी होता. तो उठला नाही, कारण पुरंदरावरून संदेश येत होता. सोनबानं बराच वेळ ते बघितलं. लांब निळ्या डोंगराच्या टोकावर एक ठिणगी पेटायची, विझायची. इकडे पोरगा तोंडानं अक्षरं बोलायचा आणि दुसरा लिहून घ्यायचा. मग पोरगा कळ दाबायचा आणि त्याच्या आरशातलं ऊन टकटक करत जायचं.

संदेश संपला. साहेब दोन माणसं घेऊन बुधला माचीकडे जागा बघायला गेला होता. लाइन मोकळी होती. सोनबानं शेजारच्या शिपायाकडे बघून विचारलं, "पल्याड कोन हाय?"

शिपाई काही बोलायच्या आत हैबतीनंच सांगितलं, की मद्रासेकडचा हवालदार आहे, अरोक्यम म्हणतात.

"त्येचा बा हाय का, इचारा म्हणावं," सोनबा शिपायालाच म्हणाला.

लाइनवर खाजगी बोलायला सक्त मनाई होती. हैबती ते आपल्या पोरांना रोज बजावत असे. तरी त्यानं आरसा जरा नीट केला आणि तोडक्या इंग्रजीत विचारलं. पुरंदरावर बराच वेळ काहीच दिसेना. अरोक्यम बहुधा चक्रावला असावा. मग ठिणगी लुकलुकायला लागली आणि हैबती एकेक शब्द मराठीत सांगत गेला. बाप आहे. म्हातारा आहे. मासे धरतो. त्याला वाटतं, मी मद्रास शहरात दुकानात कामाला आहे. पलटणीत गेलो म्हटल्यावर तो जेवला नसता, म्हणून सांगितलं नाही.

शिपाई हसले. सोनबा हसला नाही. तो दगडावरून उठला आणि तिपाईजवळ येऊन उभा राहिला.

"त्याला म्हणावं, बाला खरं काय ते कळीव. उद्या काय झालं, तर तो दुकानाच्या वाटंकडं डोळं लावून बसंल."

हैबतीनं ते धाडलं. धाडताना त्याची बोटं एकदा चुकली आणि शब्द पुन्हा द्यावा लागला. आजवर त्याच्याकडून असं झालं नव्हतं. पलीकडून उत्तर आलं, कळवतो.

सोनबा त्या आरशाकडे बघत राहिला. मग त्यानं पोराकडे पाहिलं, सरळ तोंडाकडे.

"चिमाजी गेला, तवा तितं आसं काय व्हतं का रं?"

"व्हतं, आबा. पर माणसं थोडी व्हती. समदी लढाईचीच बातमी धाडायची. मेलेल्या गड्याच्या घरचा सांगावा धाडायला कुनाला येळ नसंल."

"म्हंजी तुजं काम सांगावा धाडायचं."

"व्हय."

"दुसऱ्याचा सांगावा."

"व्हय, आबा. बंदूक असतीया संगं. पर काम ह्येच."

सोनबानं घोंगडी खांद्यावर नीट घेतली. "मग कर," तो म्हणाला. "पर घरचा सांगावा कुनाचा ऱ्हाऊ देऊ नगं."

तेवढ्यात साहेब परतला. पुरंदरावरून अरोक्यमनं मागाहून काहीतरी विचारायला सुरुवात केली होती. म्हाताऱ्याच्या शेतावर यंदा पाऊस कसा झाला, असंच घरगुती. साहेबानं ते वाचलं, कारण त्यालाही ती लिपी येत होती. त्यानं म्हाताऱ्याकडे बघितलं, जमादाराकडे बघितलं. हैबतीनं सलाम ठोकला आणि काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं. साहेब मोठा रुक्ष माणूस. त्यानं मिशीवरून बोट फिरवलं आणि लिहिणाऱ्या शिपायाला हिंदुस्तानीत म्हणाला, की लाइनची तपासणी केली, ठीक चालली, असं लिही. मग त्यानं फडक्यातली एक भाकरी उचलली आणि उभ्याउभ्या खाल्ली.

सोनबा उतरायला लागला तेव्हा हैबती गडाच्या दारापर्यंत जाऊ शकला नाही, ठाणं सोडायचं नव्हतं. त्यानं कड्यावरून बघितलं. म्हातारा अवघड टप्पा उतरताना कातळाला हात लावत, कुठंही न अडखळता खाली गेला. अंगणात पोचल्यावर त्यानं वर बघितलं आणि घोंगडीचं टोक एकदा हलवलं.

त्यानंतरच्या सुट्ट्या म्हणजे हैबतीच्या आयुष्यातलं सोनं. बापलेक भात लावायला आवणात शेजारी शेजारी उभे राहायचे. सोनबा खोदून खोदून विचारायचा, तार तुटली की काय करता, ढग आले की काय करता, पलीकडचा झोपला तर काय करता. तीनच सुट्ट्या मिळाल्या तशा. मग दुसरी लढाई पेटली.

एकेचाळीस साली हैबती सुभेदार होऊन आफ्रिकेत होता. वाळवंटात टपाल यायचं तर महिन्यांचं साचून यायचं. अशाच एका गठ्ठ्यात वेल्ह्याच्या शाळामास्तरांच्या हातचं कार्ड निघालं. त्यात पाऊसपाण्याचं लिहून झाल्यावर खाली होतं, की वडील वारल्यास आता दिवाळीला तीन महिने होतील, आपणांस कळले असेलच. कळलं नव्हतं. तारांच्या जंजाळात चोवीस तास बसलेल्या माणसाला बाप मेल्याचं कळलं ते असं, कुणीतरी ओझरतं सांगावं तसं.

त्याच्या मनाचा तोल गेला. त्यानं त्याच बैठकीत घरी पत्र लिहिलं. तुम्हांला एक तार करता आली नाही का, आबांनी जन्मभर ज्याचा धसका घेतला तेच तुम्ही माझ्या बाबतीत केलंत, असलं बरंच. घरी लिहितावाचता येणारं कुणी नाही, पत्र मास्तरच वाचून दाखवणार, हेही त्याच्या ध्यानात राहिलं नाही. त्या पत्राला उत्तर आलं नाही. पुढच्या पत्रांत शेताचं, गुरांचं येत राहिलं, आणि त्याही गोष्टीवर माती पडली.

इटलीत पोचल्यावर अरोक्यम भेटला. तोही आता जमादार झाला होता. चिखलात उभ्यानं चहा पिताना त्यानं पहिल्यांदा विचारलं ते, तुझा म्हातारा कसा आहे. आणि सांगितलं, की पुरंदरावरून उतरल्यावर मी बापाला खरं लिहिलं. बाप महिनाभर रागावला. मग त्यानं वाळवलेल्या माशांचं पार्सल धाडलं. हैबतीनं त्याला सोनबा गेल्याचं सांगितलं. अरोक्यमनं चहा खाली ठेवला आणि छातीवर क्रुसाची खूण केली.

त्या हिवाळ्यात एका नदीकाठी तोफांनी तारा दिवसातून कितीदा तरी तुटायच्या. सुभेदारानं स्वतः जायचं कारण नव्हतं, पण एकदा जोडणारी दोन पोरं परत आली नाहीत, तेव्हा तो गेला. तार त्यानं जोडली. शेजारी गोळा पडला तेव्हा डावा कान गेला. दोन पोरांपैकी एक जिवंत सापडला, दुसरा नाही. इस्पितळात जाण्याआधी हैबती चिखलानं माखलेला तसाच कचेरीत जाऊन बसला, आणि त्या दुसऱ्या पोराच्या घरी कळवायचा मजकूर कारकुनानं पुढं धाडल्याचं बघूनच उठला. हा त्याचा नेम झाला. त्याच्या हाताखालचा माणूस पडला की आधी घरचा सांगावा, मग सुभेदाराचं जेवण. सुरुवातीला साहेबांना हे विचित्र वाटलं. नंतर साऱ्या पलटणीत तशीच रीत पडली. तो सुभेदार-मेजर झाला तेव्हा जबलपूरला नव्या पोरांना तो पहिल्या दिवशी हेच शिकवायचा, कळ धरायची कशी हे त्याच्या नंतर.

लढाई संपली. देशाची वाटणी व्हायची बोलणी सुरू झाली आणि शाळेतली कितीतरी पंजाबी पोरं पलीकडे जायच्या तयारीला लागली. त्यातल्या बऱ्याच जणांना हैबतीनं हात धरून शिकवलं होतं. आणखी थोडी वर्षं राहा, असं साहेब म्हणत होते. हैबतीनं नम्रपणे नको म्हटलं आणि गाडीत बसला.

घरी आता सोजराच होती. सारजाबाई लढाई चालू असतानाच वारली होती, आणि त्या वेळी मात्र कळलं होतं वेळेवर. एकुलती लेक ठकू वरव्याला नांदत होती. सोजराचे केस पांढरे झाले होते. शेत तिच्या हातात होतं, गडीमाणसं तिच्या शब्दावर चालत होती. हैबतीनं पहिल्या आठवड्यात दोनचार सूचना केल्या. तिनं ऐकून घेतल्या आणि तिला हवं तेच केलं. मग त्याच्या लक्षात आलं, की ह्या ठाण्यावर आपण नवखे आहोत. तो मुकाट्यानं रोपं वाहू लागला.

भादव्यात एके दुपारी रखमाजी पडवीत येऊन बसला. तोच, ज्यानं गाडी परत आणली होती. आता फार थकला होता. सोनबाच्या श्राद्धाचा विषय निघाला आणि बोलता बोलता रखमाजी म्हणाला, "तुजी बायकू लई धीराची. त्या पुरात भोर गाठलं तिनं. आमी म्हणत व्हतो, नगं जाऊ."

हैबतीनं उजवा कान पुढं केला. भोर कशाला, असं विचारलं.

रखमाजीला आश्चर्य वाटलं. तार करायला, तो म्हणाला. तुला ठाऊक न्हाई व्हय?

रखमाजी गेल्यावर हैबती उठला. सोजरा परसात शेणी रचत होती. तो तिच्यापाशी गेला आणि त्यानं विचारलं. तिनं हात धुतले, पदराला पुसले, आणि काल बाजाराला गेल्याचं सांगावं तसं सांगितलं. आबांनी शेवटच्या दिवशी दोनदा म्हटलं होतं, त्याला लगोलग कळवा. दहावं होईपर्यंत थांबावं असं लोक म्हणत होते. ती दुसऱ्याच दिवशी निघाली. नसरापूरच्या वाटेवर नदी उतरू देत नव्हती, म्हणून माहेरी गुंजवण्याला जाऊन भावाला, गेनूला, बरोबर घेतलं. राजगडाला वळसा घातला, खिंड चढली, आणि पलीकडे उतरून भाटघरच्या पाण्याच्या कडेकडेनं भोर गाठलं. वाटेत एका धनगराच्या वाड्यावर दोघं निजली. तारमास्तरानं पत्ता विचारला. हैबतीच्या पत्राचं पाकीट तिनं पदरात बांधलं होतं, पाण्यानं त्याचा लगदा झाला होता.

"मग?" हैबती म्हणाला.

"तुमचा लंबर मला पाठ व्हता. पलटणीचा, टपालाचा, समदा. मास्तर पत्र वाचायचं, तवा म्या पाकीट बी वाचून घ्यायची दर खेपंला. म्या सांगत गेले, त्यो लिवत गेला."

"काय लिहिलंस तारेत?"

"आबा गेलं. घर नीट हाय. तुमी घोर करू नगा."

हैबती चौथऱ्यावर बसला. ती तार कुठं गेली असेल, ते त्याच्याइतकं कुणाला कळणार होतं? बुडालेलं जहाज, जळालेली कचेरी, हललेली पलटण, एखाद्या दमलेल्या पोरानं चुकून दुसऱ्या गठ्ठ्यात टाकलेला कागद.

"ती मला मिळालीच न्हाई," तो म्हणाला.

"तुमचं पत्र आलं, तवाच म्या वळखलं."

"मग उत्तर का न्हाई धाडलंस? म्या काय काय लिवलं व्हतं."

सोजरानं शेणीचा ढीग नीट केला. "मास्तराच्या म्होरं काय सांगू? त्यो बिचारा वाचताना मान वर करीत नव्हता. आन तुमी लढाईवर. बाप मेलेला माणूस कुनावर तरी कावणारच. म्हटलं, आपल्यावर कावलं तर कावलं."

"आल्यावर तरी सांगायचंस."

"काय सांगायचं? चालत गेले ते?"

हैबतीनं उठून शेणीची पाटी उचलली आणि तिच्यामागून आत नेऊन ठेवली. चुकलं माझं, हे तो संध्याकाळी भाकरी खाताना म्हणाला, फार हळू. सोजरा म्हणाली, जेवा.

दसरा झाला, भातं पिकायला लागली. हैबतीला पेन्शनीच्या कामाला भोरला जायचं होतं. नसरापूरहून मोटार मिळाली असती. पण तो सोजराला म्हणाला, की तू गेली होतीस त्या वाटेनं जाऊ, मी ती कधी पाहिली नाही. तिला हसू आलं. चांगली मोटार सोडून पायपीट कशाला, असं ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता भाकरी बांधायला बसली.

ऊन कोवळं होतं. गुंजवण्यात गेनूच्या घरी चहा झाला, मग दोघं राजगडाच्या पायथ्यानं निघाली. सोजरा दाखवत होती. इथं गेनू घसरला. इथं ओढा छातीला लागला, तेव्हा एका दांडग्या गवळ्यानं दोघांना पार केलं. इथं मला रडू आलं, आबांसाठी नव्हे, पायातला काटा निघेना म्हणून. खिंडीच्या चढावर हैबतीला दम लागला. ती थांबली, त्यानं श्वास घेतल्यावर पुन्हा चालू लागली. माथ्यावर आल्यावर पलीकडचं खोरं उघडलं. लांबवर भाटघरचं पाणी चकाकत होतं.

तिथून दोन वाटा फुटत होत्या. हैबतीनं उजवीकडची धरली.

"ती न्हाई, ती खाली वाडीवर जाती," सोजरा म्हणाली. "हिकडून या."

तो मागं फिरला. ती पुढं आणि तो मागं, अशी दोघं उतरणीला लागली.